उड्डाणामागचं सॉफ्टवेअर : गृहीतकांचा हिशेब

२१ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी श्रीहरिकोटा इथे गगनयान मोहिमेचं चाचणी-यान टीव्ही-डी१ उड्डाणाला सज्ज होतं. खराब हवामानामुळे आठची वेळ आधीच पुढे गेली होती. अखेर उलटी गणती सुरू झाली आणि पाच सेकंद उरले असताना थांबली. नोंदींमध्ये ठरल्याबाहेरचं काही आढळताच जमिनीवरच्या संगणकाने इंजिन पेटवण्याची प्रक्रिया रोखली होती. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्या लोकांना तेव्हाच तसं सांगितलं. दोष शोधून दूर केला गेला आणि दहा वाजता यान उडालं. अंतराळवीरांसाठीची कुपी रॉकेटपासून सुटी होऊन हवाई छत्र्यांच्या आधाराने बंगालच्या उपसागरात उतरली.

पाहणाऱ्यांना तो खोळंबा वाटला असेल. पण ते पाच सेकंद म्हणजे अनेक अभियंत्यांच्या कामाचं चीज होतं. काय बिघडू शकतं, बिघडलं तर ते कशावरून ओळखायचं आणि ओळखल्यावर काय करायचं, हे त्यांनी आधीच विचार करून लिहून ठेवलं होतं. रॉकेट आणि अंतराळयानं यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचं काम बहुतांश असंच असतं. गेल्या साठ वर्षांतल्या मोठ्या अपघातांची चौकशी वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कोड बहुतेक वेळा सांगितलं तसाच चालला. चुकलं ते त्यामागचं गृहीतक. या लेखात या कामाचा आढावा त्याच अंगाने घ्यायचा आहे.

कामाचे तीन भाग

पहिला भाग यानावरच्या सॉफ्टवेअरचा. रॉकेटमधला संगणक जायरोस्कोप आणि त्वरणमापक यांच्याकडून सतत आकडे घेतो. आपण कुठे आहोत, किती वेगाने आणि कुठल्या दिशेला चाललो आहोत, हे त्यावरून काढतो. जायचं कुठे आहे त्याच्याशी हे ताडून पाहतो आणि इंजिनाचं नॉझल किती वळवायचं ते ठरवतो. हे चक्र एका सेकंदात कितीतरी वेळा फिरतं. उत्तर बरोबर असून भागत नाही, ते वेळेत यावं लागतं. उशिरा आलेलं बरोबर उत्तर इथे चुकीचंच ठरतं. भारतीय प्रक्षेपकांमध्ये २००९ पासून १६ बिटांचा 'विक्रम १६०१' प्रोसेसर वापरात आहे, आणि २०१६ पासून त्याची मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत बनलेली आवृत्ती. त्याची ३२ बिटांची पुढची आवृत्ती 'विक्रम ३२०१' २०२५ मध्ये इस्रोच्या हाती आली. हातातल्या मोबाइलच्या मानाने ही ताकद मामुली आहे. पण इथे मोल वेगापेक्षा खात्रीला असतं.

दुसरा भाग प्रक्षेपणतळावरचा. इंधन भरण्यापासून झडपा, दाब, तापमान, बॅटऱ्या यांची तपासणी करणारी यंत्रणा जमिनीवर असते. शेवटच्या टप्प्यात माणसांचे हात बाजूला होतात आणि स्वयंचलित प्रक्षेपण क्रम सूत्रं घेतो. ठरलेल्या क्षणी ठरलेला आकडा दिसला नाही, तर तो थांबतो. उड्डाणाच्या आधी फुगे सोडून वरच्या थरांतला वारा मोजतात आणि त्यानुसार रॉकेट किती कलत जायचं याचा आराखडा त्याच दिवशी ठरतो. म्हणजे काही संख्या यानात अगदी शेवटी भरल्या जातात, आणि त्या तपासायची जबाबदारीही शेवटच्या तासांत येते.

तिसरा भाग उड्डाणानंतरचा. बंगळूरुला इस्रोचं 'इस्ट्रॅक' हे केंद्र आहे आणि शहराबाहेर ब्यालालू इथे मोठ्या अँटेना आहेत. तिथून यानाची तब्येत पाहणं, कक्षा मोजणं, पुढच्या आज्ञा लिहिणं, त्या यानाच्या जमिनीवरच्या प्रतिकृतीवर चालवून पाहणं आणि मगच वर पाठवणं, असं काम पाळ्यांमध्ये रात्रंदिवस चालतं. प्रक्षेपण वीस मिनिटांत आटोपतं. हे काम वर्षानुवर्षं चालतं.

संख्या, एकक आणि दशांशचिन्ह

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून युरोपचं नवं रॉकेट एरियान-५ पहिल्यांदा उडालं आणि ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. त्यावर 'क्लस्टर' मोहिमेचे चार उपग्रह होते. गणिती जाक-लुई लियों यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने जेमतेम दीड महिन्यात अहवाल दिला. हा अहवाल प्रत्येक सॉफ्टवेअर अभियंत्याने वाचावा असा आहे.

दिशा आणि वेग सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान-४ वरून जसंच्या तसं आणलं होतं. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ६४ बिटांच्या रूपातून १६ बिटांत बदलली जायची. एरियान-५ सुरुवातीपासून जास्त वेगाने आडवं सरकायचं, त्यामुळे ती संख्या १६ बिटांत मावली नाही. यंत्रणा बंद पडली. तिच्या जोडीला राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही हेच सॉफ्टवेअर असल्याने ती क्षणभर आधीच बंद पडली होती. मुख्य संगणकाला मग दिशेच्या आकड्यांऐवजी बिघाडाचा संदेश मिळाला. त्याने तो संदेशच आकडा समजून नॉझल पूर्ण वळवलं आणि वाऱ्याच्या माऱ्याने रॉकेट मोडलं.

जवळून पाहिलं तर यात निष्काळजीपणा दिसत नाही. अशा सात संख्या अभियंत्यांनी शोधल्या होत्या. त्यांपैकी चार संख्यांना संरक्षण दिलं आणि तीन संख्यांना दिलं नाही, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नव्हता आणि एरियान-४ च्या मार्गावर त्या तीन संख्या मर्यादेत राहणार होत्या. तो निर्णय एरियान-४ साठी रास्त होता. पण रॉकेट बदललं तरी गृहीतक तेच राहिलं, आणि नव्या मार्गाचे आकडे घालून ती यंत्रणा कुणी चालवून पाहिली नाही. त्यातही चटका लावणारी गोष्ट अशी, की बंद पडलेला तो भाग एरियान-५ ने जमीन सोडल्यावर उपयोगाचाच नव्हता.

३० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेच्या टायटन-४ रॉकेटच्या वरच्या टप्प्यात एक स्थिरांक उणे १.९९२४७६ ऐवजी उणे ०.१९९२४७६ असा भरला गेला. दशांशचिन्ह एक घर सरकलं आणि लष्करी संपर्क उपग्रह भलत्याच कक्षेत जाऊन निकामी झाला. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' मंगळाजवळ नाहीसं झालं. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम इंजिनाच्या आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत देत होता आणि ते घेणारा प्रोग्रॅम ते न्यूटन-सेकंदांत आहेत असं धरून चालला होता. सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचं यान साधारण ५७ किलोमीटरवर येऊन मंगळाच्या वातावरणात शिरलं. टायटन-४ मध्ये आकडाच चुकला होता, पण उरलेल्या दोन्ही ठिकाणी प्रत्येक तुकडा आपापल्या जागी ठीक होता. दोन तुकड्यांच्या सांध्यात पाणी मुरत होतं.

सेन्सरवर किती विसंबायचं

हा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, कारण त्याची दोन्ही उत्तरं घातक ठरू शकतात.

७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या नव्या छोट्या प्रक्षेपकाचं, एसएसएलव्हीचं, पहिलं उड्डाण झालं. तिन्ही घन-इंधन टप्पे नीट जळले. दुसरा टप्पा सुटताना मात्र यंत्रांच्या तबकाला क्षणभर अपेक्षेपेक्षा जास्त हादरा बसला. त्वरणमापकांचे आकडे मर्यादेबाहेर गेले आणि बिघाड शोधणाऱ्या तर्काने ते निकामी ठरवले. प्रत्यक्षात ते धडधाकट होते. रॉकेट मग आपत्कालीन पद्धतीने, आधी ठरलेल्या मार्गावर आंधळेपणाने गेलं. ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरची कक्षा मिळाली आणि दोन्ही उपग्रह गमावले. त्यांतला 'आझादीसॅट' देशभरातल्या शाळकरी मुलींनी घडवलेला होता. इस्रोने कारण लवकर आणि स्पष्ट सांगितलं, विलगीकरणाची यंत्रणा आणि तर्क दोन्ही सुधारले, आणि १० फेब्रुवारी २०२३ चं दुसरं उड्डाण यशस्वी केलं.

त्यानंतर अडीच महिन्यांनी जपानी कंपनी आयस्पेसचं 'हाकुतो-आर' चंद्रावर उतरत होतं. एका विवराच्या कड्यावरून जाताना खालची जमीन एकदम खोल गेली आणि सेन्सरने मोजलेली उंची झटकन वाढली. सॉफ्टवेअरला ती उडी अशक्य वाटली आणि त्याने सेन्सरचा खरा आकडा फेकून दिला. यानाला आपण जमिनीवर आलो असं वाटत राहिलं, प्रत्यक्षात ते सुमारे पाच किलोमीटर उंचीवर होतं. इंधन संपलं आणि ते कोसळलं. उतरण्याची जागा आराखडा पक्का झाल्यावर बदलली होती. आधीच्या जागेसाठी जो अंदाज पुरेसा होता, तो नव्या जागेला लागू पडला नाही.

भारताच्या अनुभवात पूर्ण विश्वास आणि पूर्ण अविश्वास या दोन टोकांमधला मार्ग सापडतो. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम अवतरकाची इंजिनं अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर देत होती. चूक साठत गेली. ती निस्तरायला यानाला झपाट्याने वळावं लागणार होतं, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरने मर्यादा घातली होती. उतरायची जागाही अवघी ५०० बाय ५०० मीटरची होती. चांद्रयान-३ साठी जागा ४ बाय २.४ किलोमीटरची झाली, वेग मोजायला लेसरवर चालणारं उपकरण आलं, इंधन वाढलं आणि सहन करता येणाऱ्या चुकीची व्याप्ती मुद्दाम रुंदावली. सोमनाथ यांनी या पद्धतीला अपयश गृहीत धरून केलेली रचना म्हटलं. 'काय झालं तर यश मिळेल' याऐवजी 'काय काय बिघडलं तरी उतरता येईल' ही यादी आधी केली गेली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी त्या यादीचं फळ देशाने पाहिलं.

'बिघडलं तर काय' या प्रश्नाची मुळं जुनी आहेत. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं. टप्पे सुटताना रॉकेट डळमळलं आणि ते सावरण्याची आज्ञा ठरल्या मर्यादेपलीकडे गेली. तसं झालं तर काय करायचं, नेमकं तिथे ऑटोपायलटचं सॉफ्टवेअर चुकलं. पुढच्या वर्षी १५ ऑक्टोबरला तेच रॉकेट यशस्वी झालं आणि पुढे कित्येक वर्षं इस्रोचा सर्वांत भरवशाचा प्रक्षेपक ठरलं.

उड्डाणानंतरची वर्षं

मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा तिथून पृथ्वीवर संदेश यायला सुमारे साडेबारा मिनिटं लागत होती. काही बिनसल्याचं कळून सुधारणा पाठवायची, तर पंचवीस मिनिटं गेली असती. मुख्य इंजिन जवळपास तितकाच वेळ जळणार होतं. म्हणून सगळ्या आज्ञा काही दिवस आधीच यानात भरल्या होत्या आणि कक्षेत शिरताना यानाला स्वतःच निर्णय घ्यायचे होते. सुमारे ३०० दिवस निजलेलं ते इंजिन दोन दिवस आधी चार सेकंद चालवून पाहिलं, आणि ते पेटलंच नाही तर छोट्या इंजिनांवर भागवायची योजनाही तयार ठेवली. इथे अभियंत्याला घटना घडत असताना काहीच करता येत नाही. जे करायचं ते आधी करून ठेवावं लागतं.

आज्ञा पाठवणं हेसुद्धा जोखमीचं काम आहे. १९८८ मध्ये सोव्हिएत 'फोबोस-१' यानाला पाठवलेल्या आज्ञांमध्ये एक अक्षर चुकलं. त्यामुळे यानाची दिशा राखणारी यंत्रणा बंद झाली, सौरपट्ट्या सूर्यापासून फिरल्या आणि यान कायमचं गप्प झालं.

उलट उदाहरण व्हॉयेजर-१ चं. १९७७ मध्ये निघालेल्या या यानाकडून नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक संदेश येऊ लागले. माहिती जुळवणाऱ्या संगणकाच्या स्मृतीतली एक चिप निकामी झाल्याचं कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या गटाने शोधून काढलं. त्या चिपमधला कोड हलवायचा तर सलग तेवढी मोकळी जागा कुठेच नव्हती. म्हणून कोडचे तुकडे केले, ते स्मृतीत जागा मिळेल तिथे बसवले आणि त्यांचे एकमेकांकडे जाणारे पत्ते दुरुस्त केले. आधार होता अनेक दशकांपूर्वीच्या कागदपत्रांचा. आज्ञा पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच. एप्रिल २०२४ मध्ये यानाची तब्येत सांगणारे आकडे पुन्हा वाचता येऊ लागले. १९७० च्या दशकात ज्यांनी आपलं काम नीट लिहून ठेवलं, त्यांचा या दुरुस्तीत मोठा वाटा आहे. दस्तऐवज लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

अलीकडे या कामात गर्दीचा प्रश्न आला आहे. कक्षेत उपग्रह आणि तुकडे इतके वाढले, की उड्डाणाआधी टकरीची शक्यता मोजावी लागते. ३० डिसेंबर २०२४ रोजी 'स्पेडेक्स'चे दोन उपग्रह नेणाऱ्या पीएसएलव्हीची वेळ याच कारणाने दोन मिनिटांनी पुढे सरकवावी लागली.

शिस्त जुनी, साधनं नवी

कोड कसा लिहावा याचे नियम या क्षेत्रात कडक आहेत. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये दहा नियम मांडले. प्रत्येक लूपला वरची मर्यादा असावी, सुरुवातीनंतर नवी स्मृती मागू नये, एक फंक्शन छापील पानात मावावं, प्रत्येक फंक्शनमध्ये आपली गृहीतकं तपासणारी विधानं असावीत, कंपायलरची एकही सूचना दुर्लक्षित ठेवू नये. यातला गृहीतकांचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. डोक्यातली समजूत त्यामुळे कोडमध्ये उतरते आणि ती मोडली तर यंत्रालाही कळते.

आता साधनं झपाट्याने बदलत आहेत. स्पेसएक्सची रॉकेटं लिनक्सवर आणि सी++ मध्ये लिहिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतात. मंगळावर उडालेल्या 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टरमध्ये मोबाइल फोनच्या जातीचा प्रोसेसर आणि कुणालाही मोफत वापरता येणारी प्रणाली होती. यामुळे हे क्षेत्र बाहेरच्यांना खुलं झालं, आणि हे स्वागतार्ह आहे. पुण्याच्या सीओईपीचा सुमारे एक किलोचा 'स्वयम्' आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' हे विद्यार्थ्यांनी घडवलेले उपग्रह २०१६ मध्ये पीएसएलव्हीवरून गेले. विशीतल्या मुलांना यानावरचं सॉफ्टवेअर स्वतःच्या हाताने लिहायला मिळणं, ही कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठी शिकवण आहे.

पण साधन कुठलंही असो, पूर्ण मोहीम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसंध चालवून पाहण्याला पर्याय नाही. २० डिसेंबर २०१९ रोजी बोइंगच्या 'स्टारलायनर'ने रॉकेटकडून वेळ चुकीच्या क्षणी उचलली आणि त्याचं घड्याळ ११ तासांनी चुकलं. भलत्या वेळी इंजिनं पेटून इंधन संपत गेलं आणि अंतराळस्थानकाला जोडणं रद्द करावं लागलं. चाचण्या तुकड्यातुकड्यांनी झाल्या होत्या. तुकडे जुळतात की नाही, हे पहिल्यांदा अंतराळातच कळलं.

थांबण्याचा अधिकार

या सगळ्याच्या मुळाशी माणसं आहेत. अपोलो-११ च्या उड्डाणाआधीच्या एका सरावात संगणकाने एक अनोळखी धोक्याचा आकडा दाखवला आणि नियंत्रण कक्षाने विनाकारण मोहीम सोडली. उड्डाण संचालक जीन क्रँझ यांनी सगळे आकडे अभ्यासायला लावले आणि चोवीस वर्षांच्या जॅक गार्मन यांनी त्यांची हाताने यादी केली. २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर उतरताना १२०२ हा आकडा खरोखर झळकला, तेव्हा गार्मन आणि स्टीव्ह बेल्स यांनी काही सेकंदांत 'पुढे चला' म्हटलं. ते म्हणता आलं ते त्या सरावामुळे. आणि यानावरच्या सॉफ्टवेअरची रचनाही तशी होती. भार वाढला की कमी महत्त्वाची कामं टाकून उतरण्याचं काम चालू ठेवायचं, हे मार्गारेट हॅमिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं.

याउलट टायटन-४ च्या बाबतीत, उड्डाणाच्या आधी तळावरच्या अभियंत्यांना वळण्याच्या वेगाचे आकडे विचित्र दिसले होते. त्यांनी विचारणाही केली होती. पण तिचा पाठपुरावा झाला नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ च्या पहिल्या उड्डाणात संगणकाने गणती थांबवली असताना तज्ज्ञांच्या सल्ल्याने आपण ती पुढे नेली आणि रॉकेट समुद्रात पडलं, हे त्या मोहिमेचे संचालक डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी आपल्या भाषणांतून अनेकदा मोकळेपणाने सांगितलं. त्या दिवशी पत्रकारांपुढे जबाबदारी इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सतीश धवन यांनी स्वतःवर घेतली. पुढच्या वर्षी १८ जुलैला यश मिळालं, तेव्हा पत्रकारांपुढे त्यांनी कलामांना पाठवलं.

ही गोष्ट आपण नेतृत्वाचा धडा म्हणून सांगतो, पण त्यात अभियंत्यांसाठीही एक धडा आहे. वरचा माणूस अपयश स्वतःवर घेतो तिथेच खालचा माणूस 'मला हा आकडा पटत नाही' असं निर्भयपणे म्हणू शकतो. ज्या संस्थेत शंका काढणारा अडथळा समजला जातो, तिथे उत्तम कोड लिहूनही रॉकेट सुरक्षित होत नाही.

पुढे काय हवं

भारतात आता हे काम फक्त इस्रोचं राहिलेलं नाही. खाजगी कंपन्यांपैकी स्कायरूटने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि अग्निकुलने मे २०२४ मध्ये श्रीहरिकोटाहून आपापली चाचणी उड्डाणं केली. नवे अभियंते या क्षेत्रात येत आहेत आणि त्यांतले पुष्कळ जण वेबसाइट किंवा बँकांचं सॉफ्टवेअर लिहिता लिहिता इकडे वळतील. त्यांना शिकवायला आपल्याकडे काय आहे?

एरियान-५ चा अहवाल जगभर शिकवला जातो, कारण तो खुला आहे. एसएसएलव्हीच्या वेळी इस्रोने दाखवलेला मोकळेपणाही त्याच वाटेवरचा होता. पण चांद्रयान-२ च्या अवतरणाचं संपूर्ण विश्लेषण लोकांपुढे आलं नाही. कारणं संसदेतल्या उत्तरांतून आणि पुढे भाषणं-मुलाखतींतून तुकड्यातुकड्यांनी कळली. लष्करी गुपितं असतील तिथे झाकावीत. बाकी प्रत्येक फसलेल्या मोहिमेचा तांत्रिक अहवाल ठरलेल्या मुदतीत प्रसिद्ध व्हावा आणि त्यात एक प्रकरण गृहीतकांचं असावं. काय धरून चाललो होतो, ते कुणी आणि कधी तपासलं होतं, आणि कुठल्या बदलानंतर ते पुन्हा तपासायला हवं होतं, हे त्यात यावं. सरकारी संस्थेला आणि खाजगी कंपनीला हा नियम सारखाच लागू असावा. असे अहवाल आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात आले, तर एका रॉकेटची किंमत मोजून मिळालेलं शहाणपण पुढच्या दहा रॉकेटांच्या कामी येईल. गगनयानमध्ये माणसं बसण्यापूर्वी ही पद्धत रुजायला हवी, कारण त्यानंतरच्या चुकीची भरपाई पुढच्या उड्डाणात करता येणार नाही.